चार मिनिटं

बाबांचं पुस्तक माझ्याकडे आलं ते वाळवीसकट.
शुभवर्तमानाचं विवरण, सहाशे पानं,
मिशनच्या छापखान्यातलं, खिळे झिजलेले,
समासात बाबांची लाल-निळी पेन्सिल.

यहूदी, असं तिथं लिहिलंय,
ताठ मानेचा. डोळ्यांवर झापड.
अक्षराला कवटाळतो, अर्थ सोडतो.
नाणं वाजलं की हात पुढे.
खाली निळी रेघ. शेजारी: उत्तम शुक्रवारी वापरणे.

विवरणकार कधी कुठल्या यहूद्याच्या घरी जेवला होता का,
पाचशेव्या पानापर्यंत तरी कळत नाही.

बेळगावात, कॅम्पात, देवळापासून सहा घरं सोडून
मुसाजी झिराडकर राहत. घड्याळजी.
मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ, कानडी बाजारापुरती.
शनिवारी दुकान बंद.
नवसाच्या मलिद्याचे पोहे, गूळ, खोबरं
वाटीतून आमच्याकडे यायचं,
आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे आईचं शास्त्र.
मनोऱ्यातल्या घड्याळाला दर शुक्रवारी तेच चावी द्यायचे.
पैशाचं काढलं की म्हणत, राहू दे की.

एकदा मी विचारलं, पुस्तकातले यहूदी म्हणजे झिराडकरकाका?
"छे गं. ते वेगळे."
वेगळे कुठं राहतात, ते बाबांनी सांगितलं नाही.
आमच्या सीमाभागात "ते" म्हणायला एक अंगण पुरतं;
पाटी कुठल्या लिपीत, एवढ्यावर माणूस कळतो.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारी
तीन तासांची उपासना. मी पुढच्या बाकावर, तहानलेली.
बाबा निळ्या रेघेपाशी आले. आवाज चढला.
वर माळ्यावर चावी फिरत होती, कर्र, कर्र,
मग थांबली.
बाबा थांबले नाहीत.

उपासनेनंतर काका जिन्यानं उतरले,
बोटांना तेल, डोक्यावर काळी टोपी.
"पाद्रीसाहेब, चार मिनिटं मागं होतं बघा.
लावलं पुढं."
आणि दिवेलागणीच्या आत घरी गेले.

बाबांनी ती रेघ पुढं कधीतरी खोडरबरानं घासलीय.
निळं गेलेलं नाही, कागद तेवढा विरलाय.

आता प्रवचन माझं असतं.
घड्याळ सेलवर चालतं. झिराडकर इस्रायलला गेले,
पत्ता कुणाकडे नाही.
परूशी हा शब्द शिवीसारखा जिभेवर येतो, गिळते.
कधी निसटतोही.
तेव्हा मान आपोआप वर जाते.
माळ्याची फळी अजून तेवढीच पातळ आहे.