इतर आजार

रायबंदरच्या औषधांच्या दुकानात ऑफेलियाने
माझ्या दोन चिठ्ठ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या,
चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं,
“दोनूय तुज्योच?”

एक बांबोळीची, मेंदूच्या डॉक्टरांची,
लग्नाआधीपासूनची, घड्यांवर फाटत आलेली.
दुसरी म्हापशाची, कोरी करकरीत,
एवढ्यात मूल नको म्हणून.
दोन गावांतल्या दोन डॉक्टरांची
माझ्या पोटाखेरीज कुठेच भेट झालेली नव्हती.

म्हापशाच्या फॉर्मवर एक ओळ होती : इतर आजार.
सासूबाई शेजारी बसल्या होत्या.
मी आडवी रेघ मारली.

अकरा वर्षं न आलेली फिट
चोडणच्या फेरीबोटीत आली, भर सकाळी,
मासळीच्या टोपल्या आणि स्कूटरींच्या मध्ये.
कुणी कांदा फोडला, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या,
कुणाची तरी चप्पल नाकाशी.
सासूबाई म्हणाल्या, उपाशी होती.
नवरा म्हणाला, ऊन.

आणि पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्यांच्या आठवड्यात,
ज्यांत नुसती साखर,
मला दोन मांडव्या दिसायच्या,
दोन धक्के, दोर फेकणारे दोन खलाशी.
कोणत्या फळीवर पाय ठेवू कळायचं नाही.

ऑफेलिया सांगत होती, हलक्या आवाजात,
मागे खोकल्याचं औषध मागणारा उभा होता म्हणून :
ही नवी गोळी त्या जुनीला अंगात ठरू देत नाही.
एकवीस दिवस हाकलत राहते,
मग सात दिवस दार उघडं टाकते
आणि ती एकदम सगळी घरात.
“म्हणजे चूक माझी?”
“चूक कोणाचीच न्हय. कोणें विचारूंकच ना.”

विचारलं होतं.
छापील अक्षरांत.

तिने एकही गोळी बंद कर म्हटलं नाही.
बिलाच्या पाठीवर दोन्ही नावं लिहिली, एकाखाली एक.
हा दोघांनाही दाखव, म्हणाली,
आणि तांबीचं विचार,
तिचं कुणाशी भांडण नसतं.

सोमवारी मी एकटी गेले.
तोच फॉर्म. तीच ओळ.
अपस्मार लिहायला घेतलं, खोडलं;
आमच्या घरात असं कुणी म्हणत नाही.
फेफरं, लिहिलं.
जागा पुरेना, म्हणून समासात तारीख घातली,
वेळही : सात पंचवीस, फेरीबोट.