ओ

कळमन्याला मिरचीच्या गोदामाशी
पहाटे साडेचारला शिडी लागते.
बांबूची शिडी शालिकभाऊंनी केव्हाच मोडून
चहावाल्याच्या चुलीत घातली. ही लोखंडी,
पत्र्याच्या वर तीन पायऱ्या निघालेली,
उतरताना हाताला काहीतरी लागावं म्हणून.

छत सिमेंटच्या पत्र्याचं. शालिकभाऊ म्हणतात,
‘खपलीसारखा असते हा, वरून वाटते पक्का.
बोल्टाच्या रांगेवर फळी टाक, फळीवर पाय.
बोल्टाखाली लोखंड हाय,
बाकी सारी हवा.’

त्यांचा बाप कोष्टी, गोळीबार चौकात माग होता.
तुटला धागा जोडायची गाठ
फणीतून सरकली पाहिजे आणि सुटता नये.
दोराची उलटी:
सरकता नये,
पण वेळेला एका हातानं सुटली पाहिजे.
हे ते नव्या पोराला, नयनला, सांगतात
आणि त्याच्या कमरेचा पट्टा ओढून बघतात
लग्नातल्या नवरदेवाचा शेला ओढावा तसा.
नयन म्हणतो, माझा तोल चांगला आहे, काका.
‘गुलाबचाही चांगला होता.’

सातनंतर खाली पोती उघडतात.
पत्र्याच्या फटींतून मिरचीचा खकाणा वर येतो.
शिंक आली की बसायचं.
रोलर घरंगळला तर घरंगळू दे,
आधी कुल्ला टेकव, मग शिंक.
घरची म्हातारी माणसं शिंकेला थांबवतात निघालेल्या माणसाला;
आम्ही हसायचो.

मे महिन्यात पांढऱ्यावर ऊन दोनदा लागतं,
एकदा आभाळातून, एकदा पायाखालून.
आमची हनुवटी खालून काळी पडते, ओळखायची खूण.
खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा, बाटलीत मीठ-साखर.
साडेनऊला डबे बंद. शेठ ओरडला तरी बंद.

आता गुलाबचं.
हिंगण्याचा कारखाना. तिथं छतात मधेमधे
उजेडाचे पत्रे होते, फायबरचे, पिवळट.
मालक म्हणाला, त्यातूनच गरमी येते, मारा सगळं पांढरं.
मारलं. आम्हीच मारलं.
दोन वर्षांनी दुसरा हात द्यायला परत गेलो.
पांढऱ्यावर पांढरं. मी खाली दोर सोडवत होतो;
दोर अजून कुणाच्याच कमरेला नव्हता,
कारण पाच मिनिटांचंच काम होतं.
अंधाऱ्या शेडमध्ये एकाएकी
माझ्या अंगावर चौकोनी उजेड पडला.
आधी उजेड,
मग गुलाब.

तो जगला. सक्करदऱ्याला बसून पानटपरी चालवतो.
कुणी विचारलं तर म्हणतो, पाय आहेत, ऐकत नाहीत.
मला चुना जास्त लावून पान देतो, पैसे घेत नाही.
मी ते पान खातो. जीभ भाजते.

तेव्हापासून शालिकभाऊ
उजेडाच्या प्रत्येक पत्र्याभोवती लाल चौकट काढतात,
रुंद, चार बोटं, वर जाळी ठोकूनच पुढचं काम.
परवा शेठ समोरच्या गच्चीवरून म्हणाला,
एवढं पांढरंशुभ्र झाल्यावर हे कुंकू कशाला?
‘वरून पाहणार कोण हाय, शेठ?
जो पाहीन, तो त्याच्यावरच उभा राहीन.’

माझं काम खालीच.
दोर, शिडी, आणि दर दहा मिनिटांनी हाक.
नुसतं नाव: नयन!
वरून ‘ओ’ येते.
शालिकभाऊ!
‘ओ.’
एखादी ‘ओ’ उशिरा आली तर
मिरची निवडणाऱ्या बायाही हात थांबवून वर बघतात,
चौकटीतल्या उजेडाकडे.

दुपारी घरी पंख्याखाली पडलो की
सवयीनं तोंडातून निघतं, मंदा!
ती आतून विचारते, काय?
काही नाही म्हणतो.
ओ दे फक्त.