एक ठोका चुकवून दे

गड्डीगोदामच्या पुलाखालून बाहेर आलं की तिसरं शटर माझं.
बोर्ड लावलेला नाही.
सिग्नलला उभी गाडी टाकीवर ठेवलेला चहा सांडत नाही
इतकी निवांत धडधडली,
की पत्ता लोकच सांगतात एकमेकांना.
एकोणीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही,
इंजिनांची चिडचिड काढून घेतली, बस.

तर मे महिना, दुपार,
मी कूलरच्या वाळ्यावर मग्यानं पाणी मारत होतो
आणि नीळकंठ सोनकुसरे आला.
बाहत्तरची बुलेट,
टाकीवरचा सोनेरी पट्टा हातानं पुन्हा ओढलेला, जरा वाकडा.
उभी केली. चालूच ठेवली.
सुरेख चालली होती, मीच केल्यासारखी.
"बिघडव," म्हणाला.

सत्तरीचा माणूस, डोक्याला ओला दुपट्टा,
आणि ही पोरांची हौस ?
सायलेन्सर फोडून देणारे सदरला बसतात, मी म्हटलं.
"आवाज नाही पायजे मले,"
तो एवढ्या मोठ्यानं बोलला
की समोरचा पंक्चरवाला पाना हातात घेऊन उभा राहिला.
"धक्का पायजे. एक ठोका चुकवून दे."

मी घसा ताणून सांगू लागलो :
टायमिंग मागं नेलं तर या उन्हात हेड भाजेल,
प्लग काळे पडतील, चौकाचौकात बंद पडशील काका—
"वरडून काहून राह्यला बे ?
तोंड इकडं कर फक्त."

एकतीस वर्षं मिलमध्ये, साचेखात्यात.
तिथं कोणी ऐकत नसे, सगळे बघत.
शिव्या, उधारी, पोरीचं लग्न ठरल्याची बातमी,
सगळं ओठांवरून उचलायचं, धोट्यावरची नजर न काढता.
कान नेमके कधी गेले, त्याला माहीत नाही.
मिल बंद झाली त्या दिवशी लक्षात आलं :
फाटकाबाहेर आला,
आणि बाहेरही साचे थांबलेलेच होते.

गेल्या महिन्यात भाच्यानं गाडी कुठूनशी "एकदम स्मूथ" करून आणली.
तेव्हापासून चालू आहे का मेली, हाताला कळत नाही.
काल पंपावर त्यानं चालू गाडीला किक मारली.
लोक हसले.
हसणं तर दिसतंच.

प्लॅटिनमची फट पंधरा थाउंवरून बारावर आणली.
प्लेट केसभर फिरवली, उलटी.
हवेचा स्क्रू पाव फेरा आत,
आयडल एवढा खाली
की माझ्याच बोटांना लाज वाटावी.
तो टाकीवर तळवा ठेवी, मान हलवी : अजून.
शेवटी इंजिन खोललं. हिंगण्याच्या लेथवाल्यानं
कॅम बघितला, मला बघितलं,
"तूच का रे हा ?" म्हणाला, आणि घासून दिला.

चौथ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, किक.
धग्.
धग्-धग्.
मग काही नाही. सबंध एक श्वास, काही नाही.
माझा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे गेला
आणि त्यानं फटका मारला त्या हातावर.
धग्.
हँडल थरथरलं, आरसा थरथरला,
त्याच्या मनगटावरची सैल कातडी.
"सात नंबर," तो म्हणाला, पहिल्यांदाच हळू.
"असाच लंगडायचा सायाचा. धागा तोडायच्या आधी
सांगून द्यायचा पण."

पुलाखाली बंद पडली. मला दिसलं इथून.
मागं ऑटो, मागं सिटी बस, सगळ्यांचे हॉर्न,
आणि तो तळवा टाकीवर ठेवून
सावकाश,
कोणाचंच न ऐकता,
खाली उतरून किक मारत होता.

चारशे रुपये बाकी आहेत त्याचे.
मी मागितले होते, दोनदा, स्पष्ट शब्दांत.
नेमका त्या वेळी
म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत नव्हता.