तापमान दोन

एम्स, आयोवा. जानेवारी. खिडकीबाहेर उणे अकरा.
आत, प्रोग्रॅममध्ये, मी तापमान ठेवलंय दोन.

हे दोन म्हणजे ऊब नव्हे की गारठा नव्हे.
हट्ट आहे एवढाच, की नव्या चौकोनाला
निदान दोघांनी धरलं पाहिजे.
एकट्यानंच कड घेतली
तर तो जरासा टेकतो
आणि पाण्यात परत जातो.

चौकोनाला चार कडा, कडेकडेला वेगळा डिंक.
मी रंगवत बसते:
शून्याला राखाडी, एकाला मक्याच्या दाण्याचा पिवळा,
हातचा वाहून नेणाऱ्याला लाल.
त्यांना वळता येत नाही. उत्तर ती उत्तरच.
मुकादम नाही, ओळंबा नाही,
नकाशा कुणाच्याच खिशात नाही.
खाली एक बीज ठेवायचं
आणि आपला हात काढून घ्यायचा.

मग जमत जातं.
काचेवर हिम जमतं तसं,
आणि एखाद्याला गणित जमतं, तसंही.
एक. दोन. तीन. खालची ओळ वरचीला हातचा देते,
वरची तो मुकाट घेते,
आणि कुणालाच ठाऊक नसतं की आपण मोजतोय.

पण रूस्टॅड सर म्हणाले, मेरेट, हे फार सरळ चाललंय.
खऱ्या नळीत, डीएनएच्या खऱ्या धाग्यांचे चौकोन
येतात तसे सुटतात, चुकतातही.
म्हणून आज दुसरी पद्धत लावली, सुटू देणारी,
आणि रात्रभर जागले.

एकेचाळिसावी ओळ. पहाटेचे सव्वादोन.
एक पिवळा, जिथे राखाडी हवा होता.
एकाच कडेवर लटकलेला. सुटणारच होता.
सुटायच्या आत शेजारी दुसरा आला,
त्याच्याशी अगदी बरोबर जुळणारा.
मग डोक्यावर तिसरा.
आता त्याला कोण हलवणार?
तिथून वर प्रत्येक जण आपल्या जागी खरा,
शेजाऱ्याला धरून, नियमाला धरून,
आणि आकडा साफ खोटा.

सेनादा बादली घेऊन आली. पडद्याकडे बघितलं.
"हा पिवळा वेडा बसलाय," म्हणाली,
मी दाखवायच्या आधी.
मग मला बाहेर नेलं, लिफ्टपाशी.
तिथली एक फरशी पावभर फिरवून बसवलेली,
बाकीच्यांच्या शिरा खिडकीकडे, हिच्या भिंतीकडे.
मी सहा वर्षं तिच्यावरून चालतेय.
"अकरा वर्षं पुसतेय मी हिला.
एक जण आला होता काढायला. ठोकून बघितली, म्हणाला,
हिच्यापायी चार फुटतील. गेला."
तिनं बादली ढकलत नेली,
त्या फरशीपाशी मात्र उचलून धरली.
का, ते मी विचारलं नाही.

"आणि तुझं ते, काय करतं?"
"मोजतं."
"बरोबर?"
"एकेचाळीसपर्यंत."
"मग पुढे थांबलं?"
"नाही. मोजतंय अजून."
ती हसली, आपल्या भाषेत काहीतरी बोलली,
माझ्यासाठी नसलेलं.

उपाय आहे. एका चौकोनाचे चार करायचे,
म्हणजे एक चूक एकटी टिकत नाही,
तिला जोडीला आणखी एक चूक लागते.
उद्या करीन.

प्रोग्रॅमनं विचारलं, फाइल ठेवायची का, कुठल्या नावानं?
लिहिलं: लिफ्टजवळची.