उलटी काठवट

खानापूर सोडून भिवघाटाकडे निघालं
की डाव्या अंगाला दिसते ती.
नकाशात तिला नाव नाही, नुसती उंची.
अलीकडच्या वाडीत म्हणतात उलटी काठवट,
पलीकडच्या वाडीत बसकी म्हैस,
आणि दोन्ही वाड्यांचं एकच म्हणणं :
कशाला जाताय वर? वर काय बी न्हाई.

मी विटा डेपोत वाहतूक नियंत्रक.
सत्तावीस वर्षं सांगतोय लोकांना
कुठली गाडी, कुठला फलाट, किती वाजता.
माझी सुट्टी मंगळवारी.
चार मंगळवार या काठवटीला दिले,
डिझेलच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर
पेन्सिलीने वाटा काढत.

पहिल्यांदा उत्तरेकडून.
वनखात्याचे समतल चर, एकावर एक,
कुणी टेकडी वहीसारखी आखून ठेवलीय
आणि लिहायचं विसरलंय.
सातव्या चरापाशी घायपात आडवा आला.
रात्री मोज्यांतली कुसळं चिमट्याने काढताना
बायको म्हणाली,
एवढं शोधून तिथं राहायला जायचंय का?

दुसऱ्यांदा पवनचक्क्यांच्या रस्त्याने.
रस्ता झकास, ट्रेलर जाईल एवढा रुंद.
पण तो जातो शेजारच्या पठारावर.
मध्ये खाणीने कापलेला कडा,
तळाशी हिरवं पाणी, त्यात एक चप्पल.
फुली मारली.

तिसऱ्यांदा धुळा काळेल भेटला, शेरडं घेऊन.
शेरडू जातंय ती वाट, म्हणाला, या मागनं.
दोन तास चाललो. तरवड, हेकळ, बाभळी,
आणि पुन्हा त्याच बोरीपाशी आलो
जिथून निघालो होतो.
शेरडाला माथा नको असतो, पाला हवा असतो,
हे धुळाला ठाऊक होतं.
मला वाटलं तुमास्नी फिरायचंय, म्हणाला.
त्यात खोटं काय होतं?

चौथ्यांदा पाणी मागायला थांबलो
मुलाण्यांच्या अंगणात.
रशिदाभाभी कोंबड्यांना कण्या टाकत होत्या.
वर? मग रेंजच्या वाटंनं जावा की.
शाळा मोबाइलात गेली त्या वर्षी
वाडीत रेंज नव्हती, माथ्यावर दोन काड्या यायच्या.
थोरली तहसीन रोज चढायची,
पिशवीत फोन, वही, भाकरी.
उतरताना अंधारलं तर चुकू नये म्हणून
वळणाला पांढऱ्या गारगोट्या मांडलेल्या तिनं.
आता वाडीत टॉवर आलाय.
तहसीन मिरजेला, रक्त तपासायचं शिकतीय.
आता कोण जातंय वर?

वाट होती.
पाऊलभर रुंद, गवताने निम्मी परत घेतलेली.
एक गारगोटी म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळण,
हे मला तिसऱ्या वळणावर कळलं, चुकल्यावर.
एका ठिकाणी तीन होत्या.
थांबलो. बघितलं. काही नव्हतं,
हिवराची सावली
आणि बसायला बरा दगड.

माथा बैलगाडी वळेल एवढा.
सपाट खडकावर दगडाने खरवडलेलं :
कर्णाचा वर्ग बरोबर पायाचा वर्ग अधिक
पुढचं दगडफुलाने खाल्लेलं.
खाली अग्रणीचं कोरडं पात्र,
रस्त्यावर नखाएवढी लाल गाडी.
विटा–जत असणार. सात मिनिटं उशिरा.

तेवढ्यात फोन वाजला. चारही काड्या.
साहेब, आटपाडीची साडेचारची कुठं लावू?
तीनला, म्हणालो.
कुठं हायसा? वारं लई ऐकू येतंय.
टेकडीवर.
काय हाय तिथं?
माझ्या तोंडात दोन्ही वाड्यांचं उत्तर तयार होतं.
दिलं नाही. दुसरंही सुचलं नाही.
आवाज तुटतोय, म्हणालो.

उतरताना एका वळणावर
शेरडांनी गारगोट्या विस्कटलेल्या.
एक होती का दोन, आठवेना.
एक ठेवली.
बरंच खाली गेल्यावर
परत चढून आलो,
आणि दुसरी.