सव्वा इंच

अंबादास चिलवेरी म्हणाला, एक इंची लावा की ओ,
जिन्याचा कठडा तर आहे, काय हत्ती चढायलाय का?
हलकी चालंल. रंग मारल्यावर कुणाला कळतंय?

अक्कलकोट रोडला दुपारचे दोन.
शेडचा पत्रा कडकड वाजतो,
पाइप उचलायचा तर हाताला फडकं लागतं.
मी दोन तुकडे कापून त्याच्यापुढे टाकले.
एकाचा काठ पातळ, पत्रिकेच्या कागदासारखा वाटणारा,
दुसऱ्याचा दोन नाणी एकावर एक ठेवल्यागत.

म्हटलं, नळीच्या पोटात काही नसतं,
आहे ते सगळं काठावर.
वजन पावणेदोन पट घ्या, ताकद अडीच पट मिळते,
असा सौदा तुमच्या टॉवेलच्या धंद्यात आहे का?

तो हसला. मी हसलो नाही.
म्हटलं, कठड्यावर कुणी चढत नाही, टेकतात.
पोरीच्या लग्नात खाली वरात येईल,
तेव्हा बारा जणं एकदम टेकतील,
आणि वाकेल ते वर, हात असतो तिथं नाही,
खाली, खांबाच्या बुडाशी,
जिथं तुम्ही पैसे वाचवायला बघताय.

ठरलं. सगळं दीड इंची.
खांब चार-चार फुटांवर, बुडाला दहा एमएमची प्लेट.
इस्माईलनं वेल्डिंग केलं, मी स्वतः ग्राइंडर फिरवला,
आणि खांबाला लोंबकळून बघितलं.
हललं नाही. मला माझाच अभिमान वाटला.

मग त्याची आई आली, नागुबाई.
चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं,
पानाच्या मापाची झालेली.
तिनं वरचा पाइप धरला, सोडला, पुन्हा धरला.
अंगठा आणि मधलं बोट
एकमेकांना भेटेनात.
तेलुगूत काहीतरी पुटपुटली.
अंबादास माझ्याकडं न बघता म्हणाला,
हातात बसत नाही म्हणते.

सगळं मोजलं होतं मी.
वरात मोजली, बारा माणसं मोजली.

वरचा पाइप कापला. खांब तसेच ठेवले.
सव्वा इंची बसवला, टोकं वळवून भिंतीत घेतली,
लुगड्याचा पदर अडकू नये म्हणून.
जादा मजुरी बिलात लावली नाही,
लावायची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी रंग वाळला का बघायला गेलो.
नागुबाई वर चालली होती, डोक्यावर पानांचं गाठोडं.
कठड्याला हात लावला नाही.

उतरताना लावला.