पूर्ण क्वालिटी

दारव्ह्याच्या स्टँडमागं माहं दुकान,
लग्न, वास्तू, तेरवी, शूटिंग व मिक्सिंग.
नागपूरहून कोणाचं तरी वापरलेलं कार्ड आणलं
टॉवेलात गुंडाळून, एस्टीत मांडीवर.

डब्यात बसेना. अर्धा इंच लांब.
मुनीरभाईनं सायकलच्या दुकानातून ब्लेड आणलं,
हार्डडिस्कचा पिंजरा कापला. म्हणे,
"पत्रा म्हंजे पत्राच असते बाप्पा."
झाकण लागलंच नाही. राहू देल्लं.
कूलर बिनपाण्याचा लावला, तोंड त्याच्याकडं;
मी घामात.

आठ वर्षं लग्नं पाहिली
पाव क्वालिटीत, अटकत अटकत.
अक्षता हवेतच थांबत,
नवऱ्या चौकोन चौकोन रडत.

आता ढोमण्यांची वैजू
सरसर चालते पडद्यावर. सगळं दिसते:
मांडवाच्या कापडाचे टाके,
मामाच्या दाताले लागलेला खर्रा,
अन् तिच्या तळहातावर, मेंदीच्या वेलात
दडवलेलं एक अक्षर
जे नवरदेवाच्या नावात कुठंच नाही.

कार्डाचा पंखा गरगरला.
मी शटर अर्धं खाली ओढलं
अन् अकरा हजारांच्या त्या कार्डाले
पहिलं काम सांगितलं:
एवढं पुसट कर, बाबू.